नोवाकची लाल चिठ्ठी

जानेवारीच्या शेवटच्या सोमवारी सुहासिनीला पहाटे जाग आली ती गजराने नव्हे, थंडीने. पांघरुणातून बाहेर राहिलेला हात बधिर झाला होता. भिंतीवरच्या थर्मोस्टॅटवर बावन्न फॅरनहाइट दिसत होतं. एरवी घर अडुसष्टवर असायचं. तिने बटण दाबून पाहिलं, पुन्हा पाहिलं. मग स्वेटरवर राजेशचं जॅकेट चढवून ती बेसमेंटमध्ये उतरली. घर तापवणारा, लोखंडी कपाटाएवढा फर्नेस कोपऱ्यात गप्प उभा होता. त्याच्याकडून कसलाच आवाज येत नव्हता.

शिकागोजवळच्या नेपरव्हिलमधल्या या घरात नऊ वर्षं झाली होती, पण घराची असली कामं राजेशकडे असायची. राजेश डिसेंबरपासून नागपुरात होता. त्याच्या बाबांना अर्धांगाचा झटका आला होता आणि आई एकटीने त्यांना उठवू-बसवू शकत नव्हती. त्याने ऑफिसातून लांब रजा घेतली होती. ती आणखी किती लांबणार, हे कोणालाच सांगता येत नव्हतं. तेव्हापासून ड्राइव्हवेवरचा बर्फ काढणं, सोळा वर्षांच्या प्रीताची शाळा, शॉमबर्गच्या ऑफिसला जायचं-यायचं दीड तासाचं ड्रायव्हिंग आणि सकाळी उठल्या उठल्या नागपूरचा फोन, हे सगळं सुहासिनी एकटी करत होती. रात्री दिवा घालवला की लगेच सकाळ व्हायची. झोप झाल्यासारखी वाटायची नाही.

फर्नेसच्या बाजूला एक जुना, पिवळा पडलेला स्टिकर होता. 'डब्ल्यू. नोवाक, हीटिंग' आणि खाली फोन नंबर. आधीच्या घरमालकाच्या वेळचा असावा. तिने फोन केला. पलीकडच्या माणसाने पत्ता विचारला, "चारला येतो," म्हणाला आणि फोन ठेवला.

नोवाक चारच्या ठोक्याला आला. साठी उलटलेला, उंच, खांद्यात वाकलेला माणूस. बुटांवर कापडी पिशव्या चढवल्या आणि सरळ खाली गेला. हसला नाही, हवेबद्दल दोन शब्द बोलला नाही. त्या आठवड्यात शिकागोची फुटबॉल टीम फायनलला पोचल्याने दुकानात, बँकेत, पेट्रोल पंपावर जो तो तेवढंच बोलत होता. नोवाकने तो विषयही काढला नाही. तासाभराने त्याने खालूनच हाक मारली.

"मॅम, हे तुम्ही बघायला पाहिजे."

त्याने फर्नेसचं झाकण काढून ठेवलं होतं. एका हातात बॅटरी आणि दुसऱ्या हातात दांडीवरचा छोटा आरसा धरून तो म्हणाला, "इथे. दिसतंय?"

सुहासिनीला गंज दिसला. गंजावर केसासारखी एक काळी रेघ दिसली. ती रेघ म्हणजे तडा आहे की नुसता डाग, हे तिला कळेना.

"तडा गेलाय," नोवाक म्हणाला. "या पत्र्याच्या आत गॅस जळतो. बाहेरून तुमच्या घरात जाणारी हवा वाहते. दोन्ही वेगळं राहिलं पाहिजे. तडा गेला की मिसळतं. कार्बन मोनॉक्साइड. त्याला वास नाही, रंग नाही."

"दुरुस्त नाही होणार?"

"हा भाग नाही होत. फर्नेस जुना आहे, बदलावा लागेल."

"साधारण किती खर्च?"

"मोजमाप घेतलंय. उद्या फोन करून सांगतो. अंदाजाने सांगत नाही."

मग त्याने गॅसचा कॉक बंद केला आणि त्याला तारेने एक लाल चिठ्ठी बांधली. 'धोका. चालू करू नये.' खाली सही आणि तारीख. जाताना म्हणाला, "आणखी कोणाला दाखवायचं असेल तर जरूर दाखवा. पण तोपर्यंत हा लावू नका."

तो गेला तशी सुहासिनी जिन्यातच बसली. आता हेही. तिने केदारला फोन लावला. केदार राजेशचा ऑफिसातला मित्र, मूळचा पुण्याचा. कोणतीही गाडी कुठे घ्यावी, कोणता दात कुठे दाखवावा, हे तो न विचारताही सांगायचा. राजेश जाताना सांगून गेला होता, काही लागलं तर केदार आहे.

"वहिनी, थांबा थांबा," केदार म्हणाला. "एकही चेक फाडू नका. हीट एक्स्चेंजरला, म्हणजे त्या आतल्या पत्र्याला, तडा गेला म्हणाला ना? मला माहीतच होतं. सगळे हेच सांगतात यार. बाई घरात एकटी आहे हे बघितलं असणार त्याने."

"आरशात दाखवलं त्याने मला."

"तुम्हाला काय दिसलं?"

"एक रेघ."

"बघा! जुन्या फर्नेसमध्ये शंभर रेघा असतात. माझा माणूस आहे, गॅरी. बुधवारशिवाय मोकळा नसेल, पण एकदम ऑनेस्ट. दोन वर्षं माझं सगळं तोच करतो. तुम्ही दोघी आमच्याकडे या तोवर."

केदारकडे जायचं म्हणजे दोघींच्या बॅगा भरायच्या, प्रीताला रोज पहाटे उठवून शाळेत सोडायचं. त्या विचारानेच तिला थकवा आला. तिने दुकानातून दोन इलेक्ट्रिक हीटर आणले. त्या रात्री मायलेकी एका खोलीत, एका पलंगावर झोपल्या.

मंगळवारी तिने आणखी एकाला बोलावलं. रेडिओवर जाहिरात करणारी मोठी कंपनी होती. कोट घातलेला, गुळगुळीत दाढी केलेला विक्रेता आला. पाच मिनिटं खाली जाऊन आला आणि डायनिंग टेबलावर रंगीत पुस्तिका पसरून बसला.

"सुहा, तुझ्या फर्नेसला तडा गेलाय," तो म्हणाला. नाव पूर्ण वाचायचीही तसदी त्याने घेतली नव्हती.

"कुठे? मला दाखवता?"

"या मॉडेलला जातोच. उघडून बघायची गरज नाही. आज सही केलीस तर डिस्काउंट आहे. उद्या नाही मिळणार."

तिने त्याला दारापर्यंत पोचवलं. तडा, तडा, तडा. न बघताच तडा! केदारचं बरोबर होतं तर. हे सगळे एकाच शाळेत शिकून येतात. दुपारी नोवाकचा फोन आला. त्याने आकडा सांगितला. विक्रेत्याच्या पुस्तिकेतल्या आकड्यापेक्षा कमी होता, पण मोठाच होता. सुहासिनी "कळवते" म्हणाली.

बुधवारी गॅरी आला. लालबुंद गालांचा, गप्पिष्ट. दारातच "नमस्ते!" म्हणाला. केदारकडे तो गुलाबजाम खाऊन गेला होता म्हणे. खाली काम करता करता तो रविवारच्या फायनलबद्दल बोलत राहिला. बऱ्याच दिवसांनी घरात पुरुषाचा मोकळा आवाज होता, आणि सुहासिनीला ते बरं वाटलं. चाळीस मिनिटांत खालून घुर्र आवाज आला. पायाशी असलेल्या जाळीतून ऊबदार हवा येऊ लागली.

"सेन्सर खराब झाला होता," गॅरी म्हणाला. "तडाबिडा काही नाही. लोक घाबरवतात." लाल चिठ्ठी काढून त्याने वॉशिंग मशीनवर ठेवली होती.

सुहासिनी जाळीपाशी जमिनीवर बसली आणि तिला रडू आलं. किती छोटी गोष्ट, पण एक तरी काम मार्गी लागलं होतं. संध्याकाळी तिने नोवाकला फोन केला.

"मिस्टर नोवाक, मी दुसऱ्यांना दाखवलं. फर्नेस ठीक आहे. तुमचं काम कॅन्सल करते."

तो म्हणाला, "चालू केला?"

"हो."

"त्याने मीटर लावून हवा मोजली?"

"मला दुसरं मत मिळालंय, मिस्टर नोवाक."

"मी मताचं नाही विचारत. मोजलं का त्याने?"

त्याचा तो कोरडा, उलटतपासणीचा स्वर. ऑफिसात रोज असेच प्रश्न ऐकून ती कंटाळली होती. "थँक यू," ती म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

गुरुवारी सकाळी डोकं दुखत होतं. तिने गोळी घेतली. ऑफिसात दुपारपर्यंत दुखणं थांबलं, तिला वाटलं कॉफीने थांबलं. घरी आल्यावर पुन्हा सुरू झालं. शुक्रवारी पारा शून्याच्या खाली घसरला आणि फर्नेस अखंड चालू राहिला. प्रीता शाळेतून येऊन सोफ्यावर आडवी झाली.

"आई, आय थिंक आय हॅव द फ्लू. डोकं दुखतंय."

"माझंही दुखतंय गं. थंडीने असेल."

"आणि ते हॉलवेमधलं अलार्मचं थिंग बीप करत होतं. बॅटरी लो असेल. आय टुक इट आउट."

घराघरात कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावायचा कायदा जानेवारीतच लागू झाला होता. महाराष्ट्र मंडळाच्या ईमेलमध्ये वाचून सुहासिनीने सगळ्यात स्वस्त अलार्म आणून लावला होता. तो काय सांगतोय, हे त्या क्षणी तिच्या डोक्यात आलंच नाही. आली ती फक्त यादीतली आणखी एक वस्तू. "बरं, उद्या आणते बॅटरी," ती म्हणाली. शनिवारी ती बाहेर पडलीच नाही. पाय उचलत नव्हते. नागपूरच्या फोनवर राजेशने विचारलं, "आवाज असा का येतोय तुझा?" ती म्हणाली, "काही नाही, झोप कमी झालीय." तिला खरंच तसंच वाटत होतं. दोन महिन्यांची दमणूक आता अंगावर निघतेय.

रविवारी केदारकडे मॅच बघायला सगळे जमणार होते. केदारची बायको नीला हिने बटाटेवड्यांचं काम सुहासिनीला दिलं होतं. अकरा वाजता ती ओट्यापाशी उभी होती. भाजीत मीठ घातलं की नाही, ते आठवेना. चमचा हातात होता. तो कशाला घेतला, तेही आठवेना. जरा मोकळी हवा घ्यावी म्हणून तिने मागचं दार उघडलं आणि ती बाहेरच्या लाकडी डेकवर गेली.

हाडं गोठवणारी थंडी होती. अंगावर साधा स्वेटर होता. पण दोन-चार मिनिटं ती तशीच उभी राहिली, कारण डोक्यातला दाब किंचित हलका झाला. तिने खोल श्वास घेतला. आणखी हलका झाला. गुरुवारी ऑफिसात थांबलं होतं, घरी आल्यावर सुरू झालं होतं, हे तिला आठवलं. शुक्रवारीही तसंच. बाहेर थांबतं. आत दुखतं.

त्याला वास नाही, रंग नाही.

ती धावत वर गेली. प्रीता अजून उठली नव्हती. चेहरा लाल दिसत होता. हलवलं तर डोळे उघडले, पण ती काय बोलतेय ते कळत नव्हतं. "उठ! प्रीता, उठ, बाहेर चल!" सुहासिनीने तिला दोन्ही काखांत धरून जिन्यावरून अर्धवट ओढतच खाली आणलं. पायात बूट घालायला थांबली नाही. गाडी ड्राइव्हवेवर उभी होती. प्रीताला ब्लँकेटात गुंडाळून मागच्या सीटवर ठेवलं, काचा खाली केल्या आणि नाइन-वन-वनला, आपत्कालीन मदतीच्या नंबरला, फोन लावला. पत्ता सांगताना घराचा नंबर तिला दोनदा चुकला.

अग्निशमन दलाची गाडी काही मिनिटांत आली. एक जवान मीटर घेऊन दारातून आत गेला आणि जवळजवळ लगेच बाहेर आला. त्याने तोंडावर मास्क चढवला आणि विचारलं, "आत आणखी कोणी आहे?"

"नाही."

"पाळीव प्राणी?"

"नाही. आम्ही दोघीच."

"बरं झालं बाहेर आलात," एवढंच तो म्हणाला.

हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत दोघींना शेजारीशेजारी झोपवून ऑक्सिजनचे मास्क लावले. संध्याकाळपर्यंत रक्त तीनदा तपासलं. कोपऱ्यातल्या टीव्हीवर मॅच सुरू झाली तेव्हा प्रीताचं बोलणं स्पष्ट झालं होतं. "आई," ती मास्क बाजूला करून म्हणाली, "आय टुक आउट द बॅटरी."

"तू नाही गं. मी सांगितलं ना, उद्या आणते म्हणून. मास्क लाव." सुहासिनीने हात लांब करून तिची बोटं धरली आणि बराच वेळ सोडली नाहीत.

केदार आणि नीला आले. केदारच्या चेहऱ्यावर रंग नव्हता. पलंगाच्या पायाशी उभा राहून तो म्हणाला, "वहिनी, मी... गॅरी तसा माणूस नाहीये. काहीतरी चुकलं असेल. आता घरी चला आमच्या. इथून थेट."

"नाही," सुहासिनी म्हणाली.

"प्लीज. एवढं तरी करू द्या."

"केदार, तुमच्याकडचा फर्नेसही गॅरीच बघतो ना? दोन वर्षं?"

केदारने मान डोलावली.

"आधी तो तपासून घ्या. मी आज मोटेलमध्ये राहीन."

"आमच्याकडे काही प्रॉब्लेम नाहीये," केदार म्हणाला. त्याला लागलं होतं. "तिघेही ठणठणीत आहोत."

"ती बरोबर बोलतेय," नीला म्हणाली. मुलाला फोन लावायला तिने पर्स उघडली. "ऋषी घरी आहे. त्याला म्हणते, बाहेर पड आणि शेजारी जाऊन बस." आणि ती बोलत बोलत व्हरांड्यात गेली.

सोमवारी मोटेलच्या खोलीतून सुहासिनीने नोवाकचा नंबर फिरवला. काय बोलायचं, ते तिने मनात दोनदा म्हणून पाहिलं होतं. पण त्याचा आवाज आल्यावर सगळं विसरली. "मिस्टर नोवाक, तुम्ही खरं सांगत होता," ती म्हणाली. "आम्ही हॉस्पिटलमध्ये होतो."

"मुलगी कशी आहे?" त्याने विचारलं. पहिल्यांदा आला तेव्हा त्याने प्रीताचा जिन्यातला शाळेचा फोटो पाहिला असावा.

"बरी आहे."

"उद्या सकाळी सातला येतो."

मंगळवारी तो नवा फर्नेस ट्रकमध्ये घालूनच आला. आधी जुना उघडला आणि तिला खाली बोलावलं. आत एक बटणाएवढा स्विच होता. आग भलतीकडे येऊ लागली की हा स्विच गॅस तोडतो, त्याने सांगितलं. मागच्या सोमवारी फर्नेस बंद पडला होता तो याच स्विचमुळे. बिघडला म्हणून नव्हे, तर त्याने आपलं काम केलं म्हणून. गॅरीने सेन्सरबिन्सर काही बदललं नव्हतं. स्विचच्या दोन टोकांना एक वायर जोडून स्विचच निकामी करून टाकला होता. इंचभर लांबीची निळी वायर होती. नोवाकने तिचे फोटो काढले, जवानांच्या अहवालासाठी.

"मला तुमची माफी मागायची आहे," सुहासिनी म्हणाली. "मला वाटलं तुम्ही फसवताय. तुम्ही... इतकं कोरडं बोलत होता."

नोवाकने पक्कड खाली ठेवली. "मी गॅसचा पाइप कापून टोपण बसवायला हवं होतं," तो म्हणाला. "एवढ्या थंडीत घराचा गॅस पूर्ण तोडून जायचं जिवावर आलं. म्हणून नुसती चिठ्ठी लावली. बुधवारी तुमचा फोन आल्यावर गॅस कंपनीला तरी कळवायला हवं होतं. म्हटलं, बाई चिडलीय, जाऊ दे. मीही दमलो होतो. तेव्हापासून धड झोप नाही मला." मग त्याने परत पक्कड उचलली. त्याविषयी तो पुन्हा बोलला नाही.

दिवसभर त्याने काम केलं. सुहासिनी जिन्यात बसून होती. तो मागेल ते हत्यार देत होती, मधूनच चहा आणून देत होती. त्याने चहा मुकाट्याने प्यायला. चार वाजता फर्नेस सुरू केला. मग तो मीटर घेऊन प्रत्येक खोलीत गेला, प्रीताच्या पलंगाशीही वाकला आणि दर वेळी काचेवरचं शून्य सुहासिनीला दाखवत राहिला. अर्धा तास थांबून त्याने पुन्हा सगळ्या खोल्या मोजल्या.

तो गेल्यावर केदारचा फोन आला. त्याच्या घरी रविवारी रात्री जवान येऊन गेले होते. हवा स्वच्छ निघाली, पण फर्नेसमध्ये अशीच एक वायर सापडली होती. "नोवाकचा नंबर द्या, वहिनी," तो म्हणाला. नेहमीचं "यार" त्या वाक्यात नव्हतं. थोड्या वेळाने नीला स्वतः वरण-भाताचा डबा घेऊन आली आणि न बसताच गेली.

नागपुरात सकाळ झाली होती. तीन दिवस सुहासिनी राजेशला "नेटवर्क बरं नाहीये" सांगून फोन आटपता घेत होती. आज तिने सगळं सांगितलं, अगदी बॅटरीसुद्धा.

"मी निघतो," राजेश म्हणाला. "आजच तिकीट बघतो."

"आणि बाबा? आई एकटी काय करतील?"

"अगं पण तुम्ही दोघी..."

"आम्ही आता बऱ्या आहोत, राजेश. तू आलास तरी आणि नाही आलास तरी. पण मला एक कळलं. मला विष चढत होतं आणि मी म्हणत होते, दमलेय. दोन्हीतला फरक कळेना, एवढी दमलेय मी. हे असं मला एकटीला नाही जमत."

तिने हे आजवर कोणालाच सांगितलं नव्हतं. राजेशलाही नाही.

राजेशने त्या संध्याकाळी आश्लेषाला, पुण्याच्या बहिणीला फोन केला. ती म्हणाली, "दादा, मला आधीच का नाही विचारलंस?" महिनाभर ती नागपुरात राहायला गेली आणि नंतर बाबांसाठी दिवसभराचा माणूस ठेवला. राजेश मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात परतला.

तोवरच्या पाच आठवड्यांत सुहासिनीने मॅनेजरकडे जाऊन आठवड्यातले दोन दिवस घरून काम करायची परवानगी मागून घेतली. ड्राइव्हवेवरच्या बर्फासाठी गल्लीतल्या एका माणसाला सांगितलं. प्रीता महिनाभर आईच्याच खोलीत झोपली. फेब्रुवारीच्या एका शनिवारी सुहासिनी सकाळी आठला पुन्हा झोपली ती दुपारी दोनला उठली. प्रीताने तोवर टोस्ट करून ठेवले होते. ते गार झाले होते, पण दोघींनी बसून ते सगळे खाल्ले.